परिषदेला जाण्याआधी मंडळीतले फोन बघा

पत्र: आमची मंडळी (चर्च) खानापूर तालुक्यात आहे. बंगळूरुला तीन दिवसांची परिषद आहे, विषय ‘सेवाकार्यात मोबाईलचा वापर’. कमिटीनं दोघांचा खर्च मंजूर केलाय. पण ज्येष्ठ पंच म्हणतात, मागे एक जण असाच गेला, बॅग आणि टोपी घेऊन आला, पुढे काही झालं नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आमच्या दोन घरगुती प्रार्थनासभा चालतात, तिथे नेटवर्क धड नाही. माझं इंग्रजी कामापुरतंच आहे. कोणी जावं, बरोबर काय न्यावं, तिथे काय बघावं आणि आल्यावर काय करावं?
— तरुण संघाचा सेक्रेटरी, खानापूर तालुका

उत्तर:

ख्रिस्तात सलाम.

पंचांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण ते खोटंही नाही. अशा परिषदा बहुधा एकाच साच्याच्या असतात. सकाळी मोठ्या हॉलमध्ये भाषणं, दुपारी छोट्या गटांत प्रात्यक्षिकं, आणि बाहेरच्या टेबलांवर दिवसभर संस्थांचे स्टॉल. स्वतःचा प्रश्न न घेता गेलेला माणूस भाषणं ऐकतो, फोटो काढतो आणि बॅग घेऊन परत येतो. प्रश्न घेऊन गेलेला माणूस टेबलापाशी अर्धा तास बसून काम उरकतो. तेव्हा पहिलं काम खानापुरातच आहे, आणि ते तिकीट काढायच्या आधीचं.

येत्या दोन रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतले फोन बघा. दोन्ही प्रार्थनासभांतलेही बघा, खरं तर तेच आधी. नावं लिहायची गरज नाही, प्रत्येक फोनला एक क्रमांक द्या. लिहायचं एवढंच: बटणांचा की टच, कार्डाची जागा आहे का, आत किती जागा मोकळी आहे, दोन सिम आहेत का, व्हॉट्सअ‍ॅप चालतं का, आणि फोन एकाचा आहे की घरातल्या तिघांचा. मोकळी जागा तोंडी विचारू नका, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बघा. ‘भरपूर आहे’ म्हणणाऱ्याच्या ३२ जीबीच्या फोनात कित्येकदा ५०० एमबीसुद्धा सापडत नाही, सगळी जागा शुभ सकाळच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी खाल्लेली असते. तिथे २०० एमबीचं अ‍ॅप उतरणारच नाही, मग ते परिषदेत कितीही गाजलेलं असो.

दोन सिमचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा. एका कंपनीचं नेटवर्क घाटाच्या बाजूला सापडतं, दुसरीचं गावात, म्हणून लोक दोन्ही बाळगतात. बऱ्याच स्वस्त फोनांत दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच असते. कार्ड घालायचं तर सिम काढावं लागतं, आणि ते कोणी काढत नाही. अशा फोनांसाठी ओटीजी पेनड्राईव्ह (थेट फोनला लागणारा) किंवा फोनवरून फोनवर पाठवणं हाच मार्ग. हे आकडे हातात असले की परिषदेतलं कुठलं सत्र आपलं आणि कुठलं नाही, हे कार्यक्रमपत्रिका बघूनच कळतं.

आणखी एक बाब बाहेरच्या तज्ज्ञांच्या सहसा ध्यानात येत नाही: आपली मुलं घरात मराठी बोलतात आणि पुष्कळशी कन्नड शाळेत जातात. ती मराठी ऐकतात छान, वाचताना अडखळतात. आजीला वाचता येत नाही, नातवाला कन्नड वाचता येतं. म्हणून मजकुरापेक्षा ऑडिओ आधी. स्वयंपाक करताना, काजू फोडताना, शेतावर जाताना ऐकता येतं. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांचंही तेच आहे, हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

कोणी जावं

दोघांचा खर्च मंजूर आहे तर एक फोनमधला जाणकार आणि एक प्रार्थनासभा चालवणारी व्यक्ती पाठवा, आणि त्यांतली एक बाई असू द्या. दोन तरुण पोरं पाठवणं हा सोपा मार्ग आहे, पण ऐकणाऱ्यांत बायका जास्त असतात आणि त्यांचा फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. त्या फोनवर कधी ऐकता येतं, काय ऐकायला संकोच वाटतो, हे त्याच सांगू शकतात. पाळकसाहेबांनी जायलाच हवं असं नाही, मात्र परत आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत त्यांचा पाठिंबा लागेल. तो जाण्याआधीच मागून घ्या.

इंग्रजीची चिंता फार करू नका. नोंदणीच्या वेळीच संयोजकांना लिहून विचारा: प्रात्यक्षिकांचं कन्नड किंवा हिंदी भाषांतर आहे का, सादरीकरणांच्या फाईल आधी मिळतील का. फाईल आधी मिळाली की निम्मं काम झालं. भाषणात शब्द सुटतात, फोन हातात धरून दाखवलेलं सुटत नाही.

प्रवासाचं थोडक्यात: राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहे, सकाळी बंगळूरुला सोडते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीचे दिवस असतील तर त्याच दिवशी काढा.

पिशवीत काय असावं

लॅपटॉप असला तर न्या, नसला तरी चालेल. जरूर न्यायचं ते मंडळीत सगळ्यांत जास्त दिसलेल्या प्रकारचे दोन फोन: एक स्वस्त टच, एक बटणांचा. १६ किंवा ३२ जीबीची दोन मायक्रोएसडी कार्डं, कार्ड रीडर, ओटीजी पेनड्राईव्ह, इअरफोन, पॉवर बँक आणि तीन पॉइंटचा एक्स्टेन्शन बोर्ड. बोर्डावर हसू नका. तिसऱ्या सत्रानंतर हॉलमधला प्रत्येक प्लग भरलेला असतो, आणि बोर्डवाल्याच्या शेजारी येऊन बसणाऱ्यांशीच कामाच्या ओळखी होतात.

बटणांच्या फोनसाठी ६४ जीबीचं कार्ड घेऊ नका. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीनं आखलेली येतात, त्यावरची एक्सफॅट असतात, आणि साधा फोन एक्सफॅट वाचत नाही. ‘कार्ड खराब’ असा निरोप येतो, कार्ड मात्र चांगलं असतं. कार्ड पावतीवर, ओळखीच्या दुकानातून घ्या. बाजारात नकली कार्डं फिरतात, बाहेर ३२ लिहिलेलं आणि आत ८. भरताना तक्रार येत नाही, आठाच्या पुढचं सगळं वाचताना गायब. कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं की खरी क्षमता कळते. दहा कार्डं घ्यायची असली तर दहाही तपासा.

स्वतःचा नमुना न्यायला विसरू नका: तीन मिनिटांचं मराठी ऑडिओ, एखादा छोटा व्हिडिओ आणि दोन पानं मजकूर. मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर जसाच्या तसा दिसेल अशा टाईपात. मंडळीचं गीतपुस्तक बेळगावच्या डीटीपीवाल्याकडे कधीतरी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाईप झालेलं असेल तर ती फाईल फोनवर उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतील. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येते, पण मग एका माणसानं डोळ्यांत तेल घालून वाचायला हवी. चुका ठरलेल्या जागी होतात: ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर मागे-पुढे जाते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, आणि ‘तुमच्या’च्या शेजारी ‘दुसऱ्या’ आला की अर्ध्या ऱ्याचं काहीतरी वेगळंच होतं. हे काम परिषदेच्या आधी उरका. तिथला वेळ यात घालवू नका.

तिथे काय बघावं

प्रत्येक स्टॉलवर एकच परीक्षा घ्या. त्यांचं अ‍ॅप तुमच्या स्वस्त फोनवर घाला, फोन एरोप्लेन मोडवर टाका, बंद करून पुन्हा चालू करा, मग अ‍ॅप उघडा. ऑडिओ वाजला तर पुढचं बोला. बरीच अ‍ॅप्स ‘ऑफलाईन चालतं’ म्हणतात, पण मजकूर तेवढा आत असतो, आवाज इंटरनेटवरून येतो. कणकुंबीच्या पावसात ते काही कामाचं नाही. अ‍ॅप किती एमबीचं, कुठल्या अँड्रॉइडपासून चालतं, माहिती कुठे पाठवतं, हेही विचारा आणि वहीत त्या स्टॉलच्या नावापुढे लिहा. तिसऱ्या दिवशी सगळे स्टॉल डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात.

स्वतः रेकॉर्डिंग करायच्या आधी तयार काय आहे ते बघून घ्या. फेथ कम्स बाय हिअरिंगचं बायबल डॉट इज आणि ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्कचं फाइव्हफिश, या दोन्ही अ‍ॅप्समध्ये मराठी, कन्नड आणि कोंकणी ऑडिओ मिळतो. चाचणी तुमच्या फोनवरच करा आणि भाषा आपल्या माणसांच्या कानाला कशी लागते ते ऐका. पुण्याच्या स्टुडिओतली मराठी आपल्याकडे कळते, पण आपलीशी वाटतेच असं नाही.

स्वतःचं अ‍ॅप करायची हौस असेल तर एसआयएल संस्थेच्या स्क्रिप्चर अ‍ॅप बिल्डरचं सत्र गाठा. सॉफ्टवेअर फुकट आहे, कोड लिहावा लागत नाही, मजकूर आणि ऑडिओ एकत्र बांधून एपीके (थेट फोनवर घालता येणारी अ‍ॅपची) फाईल मिळते, आणि ती कार्डावरूनही वाटता येते. प्ले स्टोअरवर टाकायचं तर मात्र थांबून विचार करा. खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, पण वैयक्तिक नावावर नवं खातं असेल तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस अ‍ॅप चाचणीसाठी ठेवायला लागतं. पुढे गुगलचे नियम बदलतील तसं दरवर्षी ते अद्ययावत करायचं कोणी? त्या माणसाचं नाव आज सांगता येत नसेल तर एपीके पुरे.

सर्वांत जास्त गर्दी वाय-फायच्या डबीपाशी असते. रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर स्वतःचं वाय-फाय सोडतो, आसपासचे फोन त्याला जोडले जातात आणि इंटरनेटशिवाय गाणी-व्हिडिओ उतरवून घेतात. पॉवर बँकेवर काही तास चालतो. वस्तू चांगली आहे, पण तुमच्या दोन घरगुती सभांसाठी आमच्या मते ती नको. दहा-बारा माणसांत पेनड्राईव्ह जास्त वेगानं फिरतो. शिवाय डबीचं नेहमीचं दुखणं असं: फोनला कळतं की या वाय-फायवर इंटरनेट नाही, तो विचारतो ‘तरी जोडून ठेवायचं का?’, लोक घाबरून ‘नाही’ दाबतात, किंवा फोन स्वतःच मोबाईल डेटाकडे पळतो आणि पान उघडत नाही. प्रत्येकाचा डेटा बंद करून, ‘हो’ दाबून द्यायला एक माणूस बसवावा लागतो. वार्षिक मेळाव्याला दोन-तीनशे लोक जमत असतील तर घ्या, आणि तो माणूस आधी ठरवा.

परदेशी प्रशिक्षकांच्या जुन्या पुस्तिकांत फोनवरून फोनवर पाठवायला शेअरइट किंवा झेंडर वापरा असं असतं. ही दोन्ही अ‍ॅप्स भारतात जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्सच्या यादीत आहेत. कुठूनतरी एपीके मिळवून घालू नका. अँड्रॉइडमधलं क्विक शेअर पुरतं. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवावं लागतं, लोक लोकेशन विसरतात आणि समोरचा फोन दिसतच नाही. बटणांच्या फोनला ब्लूटूथ किंवा कार्ड.

फुकटच्या वस्तू आणि हक्क

स्टॉलवर सौर स्पीकर, ऑडिओ प्लेअर, भरलेली कार्डं कधीकधी फुकट मिळतात. देणारी संस्था परदेशी असेल तर हात आखडता घ्या. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या मंडळीला परदेशी देणगी घेता येत नाही, आणि देणगी म्हणजे केवळ पैसा नव्हे, वस्तूही. एखाद्याला स्वतःच्या वापरासाठी मिळालेली १ लाख रुपयांपर्यंतची वस्तू त्यातून वगळली आहे, पण प्रार्थनासभांसाठी दहा स्पीकर उचलून आणले तर ती व्यक्तिगत भेट ठरत नाही. ‘आमच्या इथल्या नोंदणीकृत संस्थेतर्फे देतो’ असं कोणी म्हणालं तरी तेच. २०२० च्या दुरुस्तीपासून नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी देणगी दुसऱ्याकडे वळवता येत नाही. विकत घ्या, पावती घ्या, खजिनदाराच्या वहीत लिहा. शंका असली तर बेळगावातल्या सीएला जाण्याआधी विचारा.

मजकुराचे हक्क हा दुसरा खड्डा. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्यांच्या बायबलच्या मराठी भाषांतरावरचा हक्क संपला आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, त्यांची भजनं मोकळी आहेत, पण कुणा गायकानं केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. स्वतःच्या मंडळीच्या आवाजात गा आणि रेकॉर्ड करा. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं भाषांतर वापरायचं तर लेखी परवानगी लागते. त्यांचं मुख्य कार्यालय बंगळूरुतच, महात्मा गांधी रस्त्यावर आहे. अर्ज मंडळीच्या लेटरहेडवर लिहून, पाळकसाहेबांची सही घेऊन बरोबरच न्या: कुठली पुस्तकं, ऑडिओ की मजकूर, किती प्रती, विक्री नाही. परिषदेच्या तीन दिवसांत एक तास काढून तो देऊन या, पोच घ्या.

फोटोंबद्दलही ठरवून जा. परिषदेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर शेकडो अनोळखी लोकांना दिसतो, आणि घरगुती सभेचा फोटो तिथे टाकला की तो कुठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. चेहरे, गावाचं नाव, घर ओळखू येईल असं काही टाकू नका. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. मुलांची नावं-नंबर कुठल्या अ‍ॅपमध्ये भरायची वेळ आली तर पालकांची संमती घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी तशी तरतूद आहे. आणि फोन, रिचार्ज, कार्ड फुकट वाटणं व बाहेरच्यांत प्रचार यांची गाठ कधीच घालू नका. ‘आमिष’ हा आरोप आपल्या भागात पोलीस ठाण्यापर्यंत जायला वेळ लागत नाही. कार्डं मंडळीच्या सभासदांना द्या, कार्डाची किंमत घेऊन द्या.

आल्यावर

कमिटीपुढे सादरीकरण करू नका. दुसऱ्या रविवारपर्यंत सहा फोनांवर काहीतरी वाजत असलं पाहिजे, तोच अहवाल. सहांत दोन बटणांचे ठेवा.

रेकॉर्डिंग पाऊस लागायच्या आत करा. जूननंतर पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग होत नाही. पंखा बंद, खिडकीला गोधडी, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फुत्कार माईकवर आदळत नाहीत. ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करून एमपी३ मोनो, ६४ केबीपीएसवर काढा. बोलण्याला तेवढं पुरतं, आणि हिशोब सोपा राहतो: मिनिटाला जवळपास अर्धा एमबी. २० मिनिटांचं वचन १० एमबीच्या आत बसतं, अशी ५० मिळून ५०० एमबीसुद्धा होत नाहीत. संगीत जास्त असेल तर १२८ ठेवा. बटणांच्या फोनसाठी व्हिडिओ ३२०×२४० मध्ये काढा. टच फोनला ४८० पी पुरे, ५०० केबीपीएसच्या आसपास, म्हणजे पाच मिनिटांना १९ एमबी.

फाईलला मराठी नाव देऊ नका, साध्या फोनवर चौकोन दिसतात. रोमन अक्षरं आणि पुढे तीन आकडी क्रमांक. इतकं करूनही काही फोन तिसरा भाग आधी आणि पहिला शेवटी वाजवतात, कारण ते नावाचा क्रम बघत नाहीत, फाईल कार्डावर ज्या क्रमानं उतरली तो बघतात. कार्ड फॉरमॅट करून फाईल एकेक करून क्रमानं कॉपी करा. एकदम पन्नास निवडून ओढल्या की क्रम बिघडतो. एक कार्ड नीट झालं की ते मूळ प्रत म्हणून वेगळं ठेवा.

नेटवर्क असलेल्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ठीक आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून आधी प्रत्येकाच्या फोनात मंडळीचा नंबर सेव्ह करून द्या, उपासनेनंतर दारात उभं राहून.

महिन्यानं पुन्हा तेच सहा फोन हातात घ्या. वाजलं का, कुठपर्यंत, कोणी दुसऱ्याला दिलं का, एवढंच विचारा. कुणी पुसून टाकलं असेल तर का ते विचारा, बहुतेक वेळा जागा संपलेली असते. ज्या प्रकारच्या फोनवर चाललं, त्याच प्रकारच्या फोनांसाठी पुढची कार्डं करा, आणि खर्चाचा कागद त्यानंतर पंचांपुढे ठेवा.